पिन निघाली नाही: कामावरच्या लोकांना फायर सिलिंडर नीट शिकवायचा कसा?

शिफ्ट_इनचार्ज

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्याकडे काय झालं ते आधी सांगतो, मग विचारतो.

चाकणला छोटं मशीन शॉप आहे, तिन्ही पाळ्या धरून साठेक माणसं. रात्रपाळीत अडीचच्या सुमारास ग्राइंडरच्या ठिणग्या तेलकट कॉटन वेस्टच्या ड्रममध्ये पडल्या. आधी नुसता धूर, मग बघता बघता ड्रमच्या तोंडाशी ज्वाळा. सिलिंडर सात-आठ पावलांवर भिंतीला होता. एक ऑपरेटर धावला, सिलिंडर उतरवला, वरचा दांडा घट्ट पकडला आणि पिन ओढायला लागला. निघेना. दुसऱ्याने त्याच्या हातून घेतला, त्यालाही निघेना. तिसरा पक्कड शोधायला टूलरूमकडे पळाला. शेवटी एका हेल्पर पोराने वाळूची बादली ड्रममध्ये उपडी केली आणि वर पत्रा टाकला. विझलं. कुणाला भाजलं नाही, मशीनला काही झालं नाही.

सकाळी तोच सिलिंडर मी हातात घेतला. पिन एका बोटाने निघाली.

मला झोप लागेना ती वेगळ्याच कारणाने. त्या तिघांचंही प्रशिक्षण तीन आठवड्यांपूर्वीच झालं होतं. एजन्सीचा माणूस आला, तासभर प्रोजेक्टरवर चित्रं दाखवली, बाहेर नेऊन स्वतः एक सिलिंडर मारून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हजेरीपटावर सह्या केल्या, फोटो काढला. तो हजेरीपट माझ्याच फायलीत आहे. खाली सही माझी आहे. साठ माणसांसमोर सिलिंडर हातात धरला तो फक्त त्या एजन्सीच्या माणसाने.

तुमच्याकडे हे कसं करतात? प्रत्येकाच्या हातात सिलिंडर देता का? खर्च, वेळ, पाळ्या, कंत्राटी माणसांची ये-जा, हे सगळं कसं सांभाळता? खरोखर केलेलं सांगा.

---

बंबवाला

अग्निशमन दलात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमची पिन का निघाली नाही ते आधी सांगतो, कारण हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

घाबरलेला माणूस हातातली वस्तू आवळून धरतो. सिलिंडर उचलताना त्याची मूठ दोन्ही दांड्यांवर बसते. दांडा दाबला गेला की पिन मधल्यामध्ये चिमटीत सापडते. मग जितक्या जोराने माणूस दांडा आवळतो, तितकी ती जास्त अडकते. त्याला वाटतं सिलिंडर खराब आहे. सिलिंडर ठणठणीत असतो. सकाळी तुमचा हात मोकळा होता म्हणून एका बोटाने निघाली.

म्हणून आम्ही शिकवताना पहिली सवय ही लावायचो: सिलिंडर जमिनीवर टेकवा. दांडा सोडा. एक हात सिलिंडरच्या मानेवर, दुसऱ्या हाताने पिन थोडी पिळा म्हणजे प्लास्टिकचं सील तुटतं, मग सरळ ओढा. त्यानंतरच दांड्याला हात. एवढी एक गोष्ट प्रत्येकाने पाच वेळा केली तरी तुमचं अर्धं प्रशिक्षण झालं. आणि त्याला गॅस लागत नाही, पावडर लागत नाही. रिकामा सिलिंडर आणि सुटी पिन पुरते.

पुढचं सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण अंगात नसतं. पाइपचं तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नाही, बुडाकडे. शेंडा नुसता दिसतो, जळतं ते खाली. दोन ते तीन मीटरवरून सुरुवात करा. फार जवळून मारलात तर पावडरच्या जोराने पेटलेलं तेलच उडून पसरतं. मग डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखं, पुढे सरकत. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. लोकांना वाटतं मिनिटभर चालेल. पहिल्यांदा मारणारा निम्मी पावडर हवेतच घालवतो, म्हणून ते पहिल्यांदा मारणं आगीच्या दिवशी होता कामा नये.

विझल्यावर पाठ फिरवू नका. तोंड आगीकडेच ठेवून मागे सरका. तुमच्या ड्रमसारख्या ठिकाणी चिंध्यांच्या पोटात निखारा राहतो आणि दहा मिनिटांनी परत पेटतो. वर पाणी मारून, लोखंडी सळईने उकरून बघावं लागतं. त्या हेल्पर पोराने पत्रा टाकला हे उत्तम केलं. त्याला कुणी शाबासकी दिली का?

---

शिफ्ट_इनचार्ज

दिली. आणि विचारलंही, कुठे शिकलास. म्हणाला, गावाकडे चुलीच्या राखेवर असंच करतात.

---

अंबडची

नाशिकला अंबड एमआयडीसीत एका पॅकेजिंग युनिटमध्ये एचआर बघते. आमच्याकडे निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि त्यांच्यामुळेच मला कळलं की प्रशिक्षण देणारे पुरुष मनात एक धडधाकट पुरुषच धरून चालतात.

सहा किलोचा म्हणतात, पण ते आतल्या पावडरचं वजन. लोखंड धरून सिलिंडर नऊ-दहा किलोंच्या आसपास जातो. तो छातीइतक्या उंचीवरच्या हुकातून काढणं आमच्या कितीतरी जणींना जमत नव्हतं. एकीच्या पायावर पडता पडता वाचला. प्रशिक्षक म्हणाला, “ताई, तुम्ही राहू द्या, पुरुष आहेत ना.” दुपारच्या पाळीला त्या लाइनवर एकही पुरुष नसतो, हे त्याला कोण सांगणार?

मग आम्ही काय केलं: लाइनजवळचे काही सिलिंडर खाली स्टँडवर आणले. काही ठिकाणी सहाऐवजी दोन-दोन किलोचे जादा ठेवले. आणि शिकवलं की सिलिंडर उचलून धरायचाच कशाला? जमिनीवर उभा ठेवा, एका हाताने पाइप, दुसऱ्याने दांडा. थोडं पुढे जायचं असेल तर सोडा, उचला, परत ठेवा. ज्या बाई पहिल्या दिवशी मागे उभ्या होत्या, त्यांनी असं केल्यावर सरावासाठी पत्र्याच्या ट्रेमध्ये पेटवलेली आग पहिल्याच झटक्यात विझवली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

सफाईच्या मावशी, कँटीनच्या ताई, गेटवरचे सिक्युरिटीवाले या सगळ्यांना पहिल्या तुकडीत घ्या. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री आवारात हीच माणसं असतात. आणि हीच माणसं यादीतून सुटतात, कारण ती कंत्राटदाराची असतात.

---

कागदकाम

कायद्याचं थोडं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’ घेऊन द्यायचा असतो. त्यात यंत्रणा चालू स्थितीत आहे हे लिहिलेलं असतं. ती चालवणारा माणूस चालू स्थितीत आहे की नाही, हे त्यात येत नाही. आणि नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३८ बघा. बाहेर पडायच्या वाटा कामगारांच्या परिचयाच्या असाव्यात आणि आगीच्या वेळी काय करायचं याचं पुरेसं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं असावं, ही भाषा तिथे होती. ‘पुरेसं’ हा शब्द होता. प्रोजेक्टरवर तासभर चित्रं म्हणजे पुरेसं, असं कुणी मला पटवून दिलेलं नाही.

---

वाळूजकर

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका.

आमच्याकडे आम्ही उलटं ठरवलंय. सर्वसाधारण कामगाराने सिलिंडरला हातच लावायचा नाही. बेल वाजली की काम टाकून बाहेर, मोजणीच्या जागी. आग विझवायचं काम प्रत्येक पाळीतल्या सहा जणांच्या पथकाचं. कारण काय, की अर्धवट शिकलेला माणूस जास्त धोक्याचा. हातात सिलिंडर आला की त्याला वाटतं आपण विझवलंच पाहिजे, आणि तो धुरात आत आत जात राहतो. मशीन मालकाचं आहे, जीव त्याचा आहे.

आमच्या वाळूजला ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगार गेले. आतच झोपले होते. त्याआधी ९ मे २०१९ ला पुण्याजवळ उरुळी देवाचीला साडीच्या दुकानात पाच जण गेले, तेही आत झोपलेले, दाराला बाहेरून कुलूप. या लोकांना सिलिंडर चालवता येत होता की नाही, याने काय फरक पडला असता? दार उघडं असतं तर वाचले असते. म्हणून माझं म्हणणं, सगळ्यांना शिकवायचं ते बाहेर पडायला.

---

बंबवाला

वाळूजकर, यात राग मानण्यासारखं काही नाही. तुमचं निम्मं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं. आधी दार, मग सिलिंडर. प्रशिक्षणाचा पहिला तास सगळ्यांनी चालत जाऊन आपल्या जागेपासूनच्या दोन वाटा बघण्यात घालवला पाहिजे. वाटेत खोकी रचली असतील तर त्याच दिवशी हलली पाहिजेत.

पण बाकीच्यांनी हातच लावायचा नाही, हे मला पटत नाही. आग लहान असते ती पहिली एक-दोन मिनिटं. तुमचं पथक दुसऱ्या शेडमधून येईपर्यंत ती लहान राहत नाही. ज्याच्या समोर पेटतं तोच तिथे असतो. त्याला ‘केव्हा नाही’ हे शिकवा, म्हणजे तो आत आत जाणार नाही. मी हे चार प्रश्न म्हणून शिकवतो. काय जळतंय ते मला ठाऊक आहे का? ते कचऱ्याच्या डब्याएवढं आहे की त्याहून मोठं? धूर अजून डोक्याच्या वर आहे की खाली उतरलाय? माझ्या पाठीमागे बाहेर जायची वाट मोकळी आहे का? एकाचंही उत्तर मनासारखं नसेल तर सिलिंडर तिथेच टाकायचा, जाताना दार लोटून घ्यायचं आणि निघायचं. आणि सगळं अनुकूल असलं तरी एकट्याने नाही. एकाने १०१ लावायचा, एकाने मारायचा, एकाने बाकीच्यांना हलवायचं. एक सिलिंडर संपला आणि आग विझली नाही, तर दुसरा शोधत बसायचं नाही. बाहेर.

फोन पहिल्या मिनिटाला करा, विझेल असं वाटत असलं तरी. आम्ही वाटेतून परत गेलो तर आम्हाला आनंदच होतो.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं, कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात होती. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे. त्या तारखेपासूनच दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह असतो. नव्या पोरांना तिथे नेलं की मी एवढंच सांगायचो, काय जळतंय ते आधी विचारा.

---

रात्रीची_ड्यूटी

मी परिचारिका आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. ‘सगळे बाहेर’ हे आमच्याकडे चालत नाही, वाळूजकर. आमचे रुग्ण उठू शकत नाहीत. काहींना नळ्या असतात. नवजात बाळं असतात.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पहाटे नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या सकाळी ड्यूटी संपवून घरी आले तेव्हा बातमी पाहिली. मी माझ्या वॉर्डातल्या सिलिंडरकडे आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्याच संध्याकाळी, परत ड्यूटीवर गेल्यावर. वर काय लिहिलंय तेही कधी वाचलं नव्हतं.

त्यानंतर प्रशिक्षण झालं, पण दुपारी बारा वाजता, दिवसपाळीला. आग रात्री लागते तेव्हा वॉर्डात दोन सिस्टर आणि एक मावशी असतात. मी आमच्या मेट्रनकडे हट्ट धरला की एकदा रात्री करा. झालं. रात्री दोनला, रुग्णांना आधी सांगून, खाटेवर पोत्यांचं ओझं ठेवून. कळलं की ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे बंद करायचा हे तिघींपैकी एकीलाच ठाऊक होतं. ऑक्सिजन चालू असताना सिलिंडर मारून काय उपयोग? आणि तो व्हॉल्व्ह बंद करायच्या आधी कोणत्या रुग्णाला लागतोय ते बघून त्याला पोर्टेबल ऑक्सिजन लावायचा, हा क्रमही ठरला. हे कुठल्याही प्रोजेक्टरवर नव्हतं.

---

हिंजवडी_३रा_मजला

आयटीवाल्यांसाठी. आमच्या सर्व्हर रूमबाहेर कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असतात, काळा भोंगा असलेले. पावडर मारली तर आग विझते, पण पावडर सगळ्या बोर्डांत शिरते आणि नंतर गंजवते, म्हणून हे. पण याचे तीन धोके आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

एक, भोंग्याला हात लावायचा नाही, लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ असेल तिलाच धरायचं. वायू उणे ७८ अंशांच्या आसपास बाहेर पडतो. आमच्या एका सहकाऱ्याने सरावात भोंगा धरला, तळहाताला फोड आले. दोन, खोली लहान आणि बंद असेल तर हा वायू हवेतला ऑक्सिजन हटवतो. मारा आणि बाहेर या, दार लावून घ्या. आत उभं राहून विझलं का बघत बसू नका. तीन, आवाज. केवढा तरी मोठा सू-सू आवाज होतो आणि पहिल्यांदा मारणारा दचकून दांडाच सोडून देतो. हा आवाज एकदा कानांनी ऐकलेला असला की पुढच्या वेळी हात सुटत नाही.

आणि या सिलिंडरला दाब दाखवणारा काटा नसतो. हिरव्या पट्ट्यात काटा आहे का बघा, असं सगळ्यांना शिकवतात आणि मग लोक याला काटाच नाही म्हणून गोंधळतात. हा वजन करून तपासतात.

---

रंकाळा

कोल्हापुरात खानावळ चालवते, हाताखाली अकरा माणसं. आमच्याकडे कढई पेटते. तेल पेटलं की पाणी मारायचं नाही, हे सगळे ऐकून असतात, तरी हात पाण्याच्या मगाकडेच जातो. मी तो मग शेगडीजवळून कायमचा हलवला आणि तिथे कढईच्या मापाचं झाकण खिळ्याला टांगलं. शेगडी बंद, झाकण सरकवत पुढून मागे, आणि थंड होईपर्यंत उघडायचं नाही. महिन्यातून एकदा थंड कढईवर प्रत्येकाकडून करून घेते.

गॅसच्या टाकीचं मात्र विचारायचं होतं. रेग्युलेटरशी ज्वाळा आली तर फायर सिलिंडर मारायचा का?

---

बंबवाला

रंकाळाताई, व्हॉल्व्ह बंद करता येत असेल तर ओलं पोतं हाताला गुंडाळून आधी व्हॉल्व्ह. गॅस थांबला की ज्वाळा आपोआप जाते. बंद करता येत नसेल तर ज्वाळा विझवू नका. विझवलीत आणि गॅस गळतच राहिला तर तो खोलीत साठतो आणि एक ठिणगी मिळाली की अख्खी खोली उडते. तेव्हा सगळ्यांना बाहेर काढा, आम्हाला बोलवा. जळणारा गॅस निदान दिसतो तरी.

---

स्लाउहून

इंग्लंडमध्ये गोदामात फायर मार्शल आहे, मूळचा सांगलीचा. एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडचे प्रशिक्षक इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ दाखवतात. अमेरिकेत ‘सी’ वर्ग म्हणजे विजेची आग. भारतात आणि इथे ‘सी’ म्हणजे वायूची आग, विजेला वेगळं अक्षरच नाही. तिकडे स्वयंपाकाच्या तेलाला ‘के’, इकडे ‘एफ’. माझ्या सांगलीतल्या भावाच्या कारखान्यात ‘सी म्हणजे करंट’ असा फलक भिंतीवर रंगवलेला मी स्वतः पाहिला आणि खरवडायला लावला. विजेच्या आगीत पहिलं काम मेन स्विच बंद करणं. वीज गेली की ती साधी आगच.

इथे आणखी एक आहे. बंदिस्त जागेत पावडर शक्यतो ठेवत नाहीत, कारण क्षणात समोरचं दिसेनासं होतं आणि श्वासाला त्रास होतो. भारतात बहुतेक ठिकाणी एबीसी पावडरच (लाकूड-कागद, तेल आणि वायू तिन्ही आगींवर चालणारी) असते, म्हणून मारण्याआधी दार कुठे आहे ते बघून ठेवणं तिकडे दुप्पट गरजेचं.

---

सिलिंडर_रिफिलर

मी सिलिंडर भरायचा धंदा करतो. दुकानात बसून जे दिसतं ते लिहितो.

पहिलं, वापरलेला सिलिंडर परत टांगलेला असतो. कुणीतरी छोटी आग विझवलेली असते, पण सांगितलं तर ‘आग कशी लागली’ याची चौकशी होईल म्हणून गुपचूप हुकाला लावतो. अर्धा मारला तरी पावडर व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि दाब हळूहळू निघून जातो. पुढच्या वेळी तो रिकामा निघतो. माझी सगळ्या साहेबांना हात जोडून विनंती आहे, ज्याने सिलिंडर वापरला त्याला आधी काही बोलू नका.

दुसरं, सील तुटलं की लोक बाइंडिंग वायरने पिन बांधून टाकतात. मग ती पक्कडीशिवाय निघत नाही. शिफ्ट_इनचार्ज, तुमच्याकडे तेवढं एकदा बघून घ्या.

खर्चाचं विचारलंय. भरायची मुदत आलेले सिलिंडर तसेही आमच्याकडे येतात आणि आम्ही पावडर काढूनच टाकतो. ते आमच्याकडे पाठवण्याआधी आवारात मारून घ्या. सरावाला वेगळे सिलिंडर घ्यायला लागत नाहीत. फक्त सगळे एकाच दिवशी काढू नका, भिंत रिकामी राहील. टप्प्याटप्प्याने.

आणि सराव उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन. पत्र्याच्या ट्रेमध्ये तळाला पाणी, वर थोडं डिझेल. पेट्रोल अजिबात नाही, त्याची वाफ दुरूनच पेटते आणि पेटवणाराच भाजतो. लांब काठीला चिंधी बांधून पेटवायचं. विझलेल्या गरम ट्रेमध्ये परत डिझेल ओतायचं नाही, थंड होऊ द्यायचा. शेजारी दुसरा माणूस भरलेला सिलिंडर पिन काढून तयार. ज्यांना दमा आहे त्यांना वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं करा.

---

वाळूजकर

बंबवाला आणि रात्रीची_ड्यूटी, तुमचं वाचून मी इथल्या सेफ्टी कमिटीत विषय काढला. सहा जणांचं पथक राहीलच. पण मशीनवरच्या प्रत्येकाला निदान पिन, दांडा आणि ते चार प्रश्न, एवढं द्यायचं ठरलंय. कुलपांचं मात्र मी सोडणार नाही. रात्री मागच्या दाराला आम्ही आता आतून नुसतं ढकलून उघडणारा बार बसवतोय.

---

शिफ्ट_इनचार्ज

सव्वा महिन्याने परत लिहितोय. उशीर झाला, पण करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी सगळे सिलिंडर बघितले. बाविसांपैकी दोन सिलिंडरना बाइंडिंग वायर होती आणि एकाचा काटा लाल पट्ट्यात. एकासमोर तयार मालाची पॅलेट उभी, तिच्यामागे सिलिंडर आहे हे तिथे चार वर्षं काम करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. रिफिलरदादा, तुमचे आभार.

प्रोजेक्टर काढून टाकला. आठ-आठ जणांच्या तुकड्या, पाळी सुरू व्हायच्या आधी पाऊण तास, त्याचा ओव्हरटाइम कंपनी देते. हे मालकांकडून मान्य करून घ्यायला मला दोनदा जावं लागलं. पहिल्यांदा ‘उत्पादन बुडतं’ म्हणाले. दुसऱ्यांदा मी तो ड्रम सोबत घेऊन गेलो, आतून काळा झालेला, आणि ड्रमपासून स्पिंडल ऑइलचं बॅरल किती अंतरावर होतं ते टेपने मोजून दाखवलं. चार फूट. त्यानंतर काही बोलले नाहीत, सही केली.

आधी दोन वाटा चालतो. मग प्रत्येक जण रिकाम्या सिलिंडरची पिन पाच वेळा काढतो. ते ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत: मराठी, हिंदी, आणि तीन ओडिया पोरं आहेत त्यांना त्यांच्यातलाच एक जण सांगतो. मग बाहेर ट्रे. मुदतीचे सिलिंडर टप्प्याटप्प्याने काढतो, एका सिलिंडरवर दोघे-तिघे थोडं थोडं मारतात. प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात सेकंद येतात. कमी आहेत, पण कुणाचेही शून्य नाहीत. आतापर्यंत साठांपैकी त्रेचाळीस झाले. नवीन कंत्राटी माणूस आला की पहिल्या दिवशी पिन आणि वाटा, ट्रे पुढच्या तुकडीत.

त्या रात्री पिन न निघालेला पहिला ऑपरेटर, वयाने माझ्याहून मोठे आहेत, त्यांना मी पहिल्या तुकडीत मुद्दाम घेतलं नाही. लोक बघतील म्हणून त्यांना अवघड वाटेल असं मला वाटलं. तेच स्वतः येऊन म्हणाले, “साहेब, माझं नाव घाला.” सिलिंडर खाली टेकवला, दांडा सोडला, पिन काढली. ट्रे विझला. मग पुढच्या तुकडीला पिन दाखवायचं काम त्यांनी मागून घेतलं. आता तेच शिकवतात, आणि सुरुवातीलाच सांगतात की माझी निघाली नव्हती, का ते बघा.

अंबडची, कँटीनच्या दोघी ताईंचं अजून राहिलंय. त्यांच्यासाठी चार किलोचा एक मागवलाय. बंबवाला, तुम्ही चाकणच्या जवळपास असाल तर पुढच्या शनिवारी सकाळी साडेसहाला याल का? बरोबर करतोय का ते एकदा कुणीतरी बघायला हवंय.

---

बंबवाला

येतो. ट्रे वाऱ्याच्या कोणत्या बाजूला लावता ते आधी फोटो काढून पाठवा.